लाजाळू बुद्रुक, लाजाळू खुर्द

आपल्याकडे एकाच नावाची दोन दोन गावे पुष्कळ सापडतात. एक बुद्रुक, दुसरे खुर्द. कान्हे फाट्यावरून आत वळून इंद्रायणी ओलांडली की आंदर मावळाच्या तोंडाशी टाकवे बुद्रुक लागते; आणि याच मावळ तालुक्यात टाकवे खुर्दही आहे. ही विशेषणे फारसी अमदानीतली. 'बुजुर्ग' या शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी बुद्रुक झाले, खुर्द मात्र तसाच राहिला. खुर्द म्हणजे धाकटा, लहान. बुजुर्ग म्हणजे थोर. पण थोरपण दोन तऱ्हेचे असते. घरात आजी वयाने थोर आणि नातू उंचीने. फोटो काढताना नातू मागे उभा राहतो, आजी पुढे बसते, आणि घरातले थोर माणूस कोण हे कोणाला विचारावे लागत नाही. झाडाझुडपांच्या बाबतीत मात्र हे विचारावे लागते, आणि पुष्कळदा उत्तर चुकते. लाजाळूच्या बाबतीत ते तसे चुकलेले आहे.

मावळातल्या भातखाचरांच्या बांधांवर आणि डोंगरउतारांवर श्रावण-भाद्रपदात हिरवाईची इतकी गर्दी असते की, पायाखाली काय आहे हे पाहायला कोणाला सवड नसते. त्या गर्दीत स्पर्शाने मिटणाऱ्या दोन निरनिराळ्या वनस्पती आहेत. एक साऱ्यांच्या ओळखीची. जमिनीसरसे पसरणारे लालसर देठाचे झुडूप, अंगावर बारीक काटे, आणि गुलाबी रेशमाच्या गोंड्यासारखी फुले. बोट लावले की पानाच्या पाकळ्या वरच्या बाजूने जोडीजोडीने मिटतात, आणि धक्का जोराचा असला तर सबंध पान देठासकट खाली झुकते. हीच आपली लाजाळू. शाळेच्या वाटेवर ती भेटली की मुलांना उशीर झालाच म्हणून समजावे.

दुसरी वनस्पती वीतभर उंचीचीही नसते. एकच सरळ कांडी आणि तिच्या माथ्यावर पानांचे छोटेसे चक्र. दुरून पाहावे तर मुंग्यांच्या राज्यातले नारळाचे झाडच! काटा नाही. फुले पिवळी, इवलीशी. हिलाही बोट लावले की पाने मिटतात, पण जरा सावकाश, आणि मिटतात ती उलटी. थोरलीची पाने हात जोडल्यासारखी वर मिटतात, हिची छत्री मिटावी तशी खाली. हिला कोणी लाजरी म्हणतात, कोणी लहान लाजाळू. पुष्कळजण तिला काहीच म्हणत नाहीत, कारण ती त्यांच्या दृष्टीसच पडलेली नसते. गोत्रे पाहू गेले तर दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली बाभळी-खैराच्या कुळातली. दुसरी परसातल्या आंबुशीच्या. एकीचे शास्त्रीय नाव मिमोसा पुडिका, दुसरीचे बायोफायटम सेन्सिटिव्हम.

आता या दोघींत बुद्रुक कोण आणि खुर्द कोण? आकार पाहिला तर निवाडा सोपा आहे. इतिहास पाहिला तर तो अगदी उलटा होतो. साऱ्यांच्या ओळखीची ती लाजाळू मूळची इथली नव्हेच. तिचे माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका. कोलंबस १४९२ साली समुद्रापलीकडे जाऊन पोहोचला, आणि वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. या दोन प्रवासांनी जगाची दोन टोके गलबतांच्या वाटांनी बांधली गेल्यावरच तिला इकडे येणे शक्य झाले. त्या वाटांनी मिरची आली, तंबाखू आला, पेरू आला, बटाटा आला, तशीच ही आली. तिच्या शेंगांच्या कडेला राठ केस असतात. ते कपड्याला आणि जनावरांच्या अंगाला चिकटतात. अशा पाहुण्याला आमंत्रण लागत नाही. आणि ती वीतभराची, कोणाच्या खिजगणतीत नसलेली लाजरी मात्र इथली, या मातीतली आणि या पावसातली.

येथे चौकस वाचक अडवून विचारील की, लाजाळू जर परदेशी, तर आपल्या वैद्यकग्रंथांत 'लज्जालु' कशी? प्रश्न रास्त आहे. निघंटूंत लज्जालु आहे आणि तिची पर्यायनामे मोठी बोलकी आहेत. शमीपत्रा, म्हणजे शमीसारख्या पानांची. रक्तपादी, म्हणजे तांबड्या पायांची. खदिरका, म्हणजे खैराची आठवण देणारी. आणि सर्वांत गोड नाव नमस्कारी. समंगा हे नाव तर थेट चरकसंहितेत भेटते. मात्र ती समंगा म्हणजे लाजाळू की मंजिष्ठा, यावर वैद्यांत जुना वाद आहे. शिवाय 'विपरीत लज्जालु' नावाची दुसरी एक वनस्पती आयुर्वेदात सांगितली आहे, आणि आजचे वैद्य हे नाव आपल्या वीतभराच्या लाजरीला देतात. उलट्या बाजूने मिटणाऱ्या पानांना हे नाव शोभतेही.

अमेरिकेतली लाजाळू येण्याआधी नमस्कारी हे नाव कोणाचे असेल? तळ्यांत आणि दलदलीत पाण्यावर तरंगत पसरणारी एक लाजाळू असते. तिचे कूळ बाभळीचेच. पाने शमीसारखी, मिटतात ती हात जोडल्यासारखी. भावप्रकाशाने लज्जालूला 'जलकारिका' असेही एक नाव दिले आहे. त्यातले पाणी या पाणलाजाळूकडे बोट दाखवीत असावे, असे मला वाटते. त्याच भावप्रकाशाची एक मौज सांगण्याजोगी आहे. भावमिश्राचा हा ग्रंथ सोळाव्या शतकातला. फिरंग्यांबरोबर आलेल्या रोगाचे 'फिरंग' या नावाने वर्णन त्यात आहे, आणि त्यावर परदेशाहून येणारी चोपचिनीही सांगितली आहे. म्हणजे समुद्रावरचे वारे तोवर वैद्यांच्या पोथीपर्यंत येऊन पोहोचले होते. अशा संधिकाळात जुन्या नावाच्या घरात नवी वनस्पती राहायला आली तर कोणाच्या ध्यानात येणार?

नावाचे असे घर नव्या पाहुण्याला देण्यात आपण फार उदार आहो. सीताफळ अमेरिकेतले, पण आपण त्याला सीतेचे नाव दिले आणि शेजारी रामफळ बसवून जोडपे पुरे केले, तेही अमेरिकेतलेच! दसऱ्याला ज्याचे तोरण दाराला लागते आणि दिवाळीत ज्याच्या माळांनी लक्ष्मीपूजन होते, तो झेंडू मेक्सिकोकडचा. त्याला परका म्हणायला आज कोणाची जीभ रेटणार नाही, आणि रेटूही नये. पाहुणा चारशे वर्षे राहिला की घरचाच होतो. म्हणणे एवढेच की, पाहुण्याला ओटीवर जागा देताना घरच्या म्हातारीला अंधाऱ्या खोलीत ढकलू नये.

या म्हातारीला जगाच्या ग्रंथांत जागा मिळाली तीही आपल्याच किनाऱ्यावरून. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, तेथेच राहिला. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. हिंदुस्थानातल्या औषधींवर त्याने संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. ग्रंथातल्या सत्ताविसाव्या संवादाच्या मथळ्यातच, हात लावताच कोमेजणाऱ्या एका वनस्पतीचा उल्लेख आहे. ओर्ताचे नशीब पाहा: मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, तो मूळचा यहुदी धर्माचा म्हणून धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र युरोपभर वाचला गेला.

त्याच्या मागोमाग क्रिस्तोव्हाँ दा कोश्ता हा दुसरा वैद्य १५६८ साली गोव्यास आला. कोचीनच्या रुग्णालयात त्याने काम केले आणि १५७८ साली स्पेनमधल्या बुर्गोस येथे आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 'जिवंत वनस्पती' अशा अर्थाच्या नावाखाली एक झाड आहे. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळख पटविली ती आपल्या वीतभराच्या लाजरीशी. त्या काळच्या युरोपीय ग्रंथांतून एक गोष्टही फिरत असे: मलबारातला कोणी तत्त्वज्ञ ही पाने का मिटतात याचा शोध घेता घेता वेडा झाला! गोष्ट खरी की रचलेली, हा प्रश्न वेगळा. पण या इवल्या पानापुढे माणसाची बुद्धी किती काळ थबकली होती, ते तीतून पुरते कळते.

पुढे डच लोकांनी कोचीन घेतले. तेथला त्यांचा अधिकारी हेन्द्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर लॅटिनमध्ये बारा खंड सिद्ध केले. ते १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता, आणि त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत कोंकणीतून लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली आहे. मलबारचा नामांकित वैद्य इट्टी अच्युतन हाही या कामातला एक मोठा आधार होता. नवव्या खंडात 'तोड्डा-वड्डी' या मलयाळी नावाने आपली लाजरी ऐटीत उभी आहे. १७५३ साली स्वीडनच्या लिनीअसने जगातल्या वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरविली तेव्हा त्याच्यापुढे दोघीही होत्या. लाजरीला त्याने 'संवेदनाशील' अशा अर्थाचे नाव दिले, आणि अमेरिकेतल्या लाजाळूला 'पुडिका'. लॅटिनमध्ये पुडिका म्हणजे लज्जावती. संस्कृत पंडित आणि स्वीडिश पंडित यांची भेट झालेली नव्हती, पण पान मिटताना पाहून दोघांच्याही तोंडी एकच शब्द आला.

एकच शब्द यावा यात नवल नाही. माणूस सगळीकडे माणूसच. जपानी लोक याच लाजाळूला 'ओजिगिसो' म्हणतात, म्हणजे वाकून नमस्कार करणारे रोप. आपल्या 'नमस्कारी'ची ही सख्खी बहीणच झाली. हिंदीतली छुईमुई म्हणजे शिवले की मेली. त्याच्याही फार आधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांतल्या थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने ईजिप्तमधल्या मेंफिसजवळच्या एका झाडाविषयी लिहिले आहे की, हात लावताच त्याची पाने कोमेजल्यासारखी पडतात आणि थोड्या वेळाने पुन्हा जिवंत होतात. लाज, नमस्कार, मरण, झोप. जो तो आपल्या मनातली वस्तू त्या पानावर ठेवून गेला. पान मात्र काय करीत होते?

या प्रश्नाचे उत्तर मिळवायला पुढे फार वर्षे लागली. लंडनच्या रॉबर्ट हुकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकावरील आपल्या ग्रंथात लाजाळूविषयीही लिहिले. फ्रान्समध्ये द मेरां याने १७२९ साली लाजाळूसारख्या वनस्पतीला अंधारात कोंडून पाहिले, तर सूर्य न दिसताही तिची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाड झोपते, असे आपल्या आज्या सांगत आल्या. टाकळ्याची भाजी संध्याकाळी खुडायला जाणाऱ्या बाईने मिटलेली पाने पाहिलेलीच असतात. त्या झोपेचे घड्याळ झाडाच्या आतच असते, हा सुगावा पहिल्याने या प्रयोगाने लागला. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूला ईथर हुंगविले, आणि शस्त्रक्रियेच्या मेजावरच्या रोग्याप्रमाणे तिचेही भान हरपले. गुंगी उतरताच ती पुन्हा मिटू लागली.

आणि मग आले आचार्य जगदीशचंद्र बसू. पानाच्या हालचालीची नोंद पान आपल्याच हाताने लिहून देईल, अशी नाजूक यंत्रे त्यांनी कलकत्त्यात देशी कारागिरांकडून करवून घेतली. धक्का दिल्यापासून पान मिटेपर्यंतचा सेकंदाच्या बारीक अंशाचा काळ ती यंत्रे टिपीत. लाजाळूच्या अंगातून विजेचा संदेश धावतो, आपल्या मज्जातंतूंतून धावतो तसा, असे त्यांचे म्हणणे होते. १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी प्रयोग करून दाखविले, तेव्हा तेथल्या नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी नाक मुरडले आणि निबंध छापणे लांबणीवर पडले. बसूंनी वाद कमी घातला आणि प्रयोग वाढविले. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात आपले विज्ञानमंदिर उघडले, आणि १९२० साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. झाडाला मज्जातंतू नसतात, त्यामुळे त्यांची काही वर्णने आज शब्दशः कोणी घेत नाही. पण झाडात विजेचा संदेश धावतो हे आता वादापलीकडचे आहे. लाजाळूत तो सेकंदाला सुमारे दोन-तीन सेंटीमीटर जातो.

आता त्या पानाची युक्ती. प्रत्येक पानाच्या आणि पाकळीच्या बुडाशी एक फुगीर गादी असते. तिच्यातल्या पेशी पाण्याने तट्ट भरलेल्या असतात, म्हणून पान ताठ उभे राहते. संदेश येताच गादीच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी बाहेर धावते, ती बाजू सैल होते आणि पान कलते. हवा गेलेल्या चेंडूसारखी गत! दहा-वीस मिनिटांनी पाणी परत आत येते आणि पान उघडते. हा खेळ फुकटचा नाही. मिटलेले असताना पानाला प्रकाशातून मिळणारे अन्न सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. म्हणजे उगाच मिटत राहणे झाडाला परवडत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लाजाळूच्या कुंड्या पंधरा सेंटीमीटरवरून मऊ गादीवर पुन्हा पुन्हा टाकल्या. या पडण्याने अपाय होत नाही म्हटल्यावर रोपांनी मिटणे सोडले, आणि जवळजवळ महिन्याने पुन्हा टाकून पाहिले तरी ती मिटेनात. याला स्मरण म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञांत खडाजंगी आहे.

मग एवढा तोटा सोसून मिटायचे कशासाठी? याचे डोळ्यांना दिसेल असे उत्तर २०२२ साली आले, आणि तेही नमस्कार करणाऱ्या रोपाच्या देशातून, जपानच्या सैतामा विद्यापीठातून. संशोधकांनी लाजाळूत असा बदल घडविला की, कॅल्शियमचा संदेश धावू लागला की तो प्रकाशाच्या रूपाने दिसावा. पानावर नाकतोडा बसून कुरतडू लागला की उजेडाची लाट धावे आणि तिच्या पाठोपाठ पाने पटापट मिटत. मग ती गादीच नसलेली, मिटू न शकणारी लाजाळू त्यांनी तयार केली आणि तीही किड्यांपुढे ठेवली. किड्यांनी तिचा अधिक फडशा पाडला. तात्पर्य, पान मिटते ते स्वतःचा बचाव करण्यासाठी. लाजेशी त्याचे नाते नाही, नमस्काराशी तर मुळीच नाही.

ही गोष्ट केवळ वनस्पतिशास्त्राची नव्हे. 'लाजाळूच्या झाडासारखी' ही उपमा आपण पिढ्यान् पिढ्या घरातल्या मुलींना देत आलो, आणि ती कौतुकाने दिली. खाली मान, मिटलेले ओठ, कोणी आले की आत पळणे. आपल्याला वाटले, लाज आहे, शोभते आहे. ज्या रोपाची उपमा दिली ते तर संकट ओळखून अंग चोरीत होते! मिटणाऱ्या पानाला लाजरे म्हणण्यापूर्वी त्याच्यावर बसले आहे ते काय, एवढे तरी पाहायला हवे होते. घरातले एखादे पोर एकाएकी मिटले, तर त्याच्या लाजरेपणाची तारीफ करण्याआधी जवळपास कोठे नाकतोडा आहे काय, हे वडीलधाऱ्यांनी बघावे.

राहता राहिला बुद्रुक-खुर्दाचा निवाडा. लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याची वनसंपदा फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइट पंडिताने वर्षानुवर्षे पायी हिंडून नोंदविली, आणि १९५३ साली तिचा ग्रंथ केला. जो माणूस पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा प्रमुख झाला, त्याने घाटातल्या क्षुद्र गवतालाही नावाने ओळखले. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण मावळातल्या बाया आजही पावसाळ्यात कवल्याची भाजी खुडतात. हा कवलाही या मेळ्यातलाच. त्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच 'संवेदनाशील' हा शब्द आहे, कारण त्याची पानेही स्पर्शाने हळूच मिटतात. नाव ठाऊक आहे म्हणून कवला बांधावर ओळखला जातो. लाजरीचे नाव विसरले गेले, म्हणून ती खुरप्याखाली जाते.

दिवाळीच्या सुमाराला पाऊस सरलेला असतो आणि मावळात इंद्रायणी भात पिवळा पडू लागलेला असतो. त्या दिवसांत लाजरी सुकू लागते आणि आपले बी मातीत टाकून मोकळी होते. ओलीच्या आसऱ्याने थोरली मात्र अजून हिरवी असते आणि मुले तिच्याशी खेळत असतात. खेळू द्यावे. पुढच्या श्रावणात मात्र त्यांचे बोट धरून बांधावर थोडे खाली वाकवावे, त्या मुंगीच्या नारळाला हलकेच हात लावायला सांगावे, आणि सांगावे की, बाळांनो, आकाराने खुर्द असली तरी या गावची बुजुर्ग ही.